कारंज्याचा काटा आणि सरकीतला निरोप

कारंजा लाड हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून. व्यापाराच्या इतिहासात त्याचे नाव वेगळ्याच कारणाने येते, आणि ते गावातल्या पुष्कळांच्याही लक्षात नसते. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकमाने इथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला असा पहिला बाजार हाच मानला जातो. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, १९२८ च्या शाही कृषी आयोगाने त्याची दखल घेऊन इतर प्रांतांनाही असे बाजार सुचवले, आणि आज तालुक्यातालुक्यात दिसणाऱ्या बाजार समित्यांची वंशावळ त्या कायद्यातून कारंज्यापर्यंत नेता येते. या पहिल्या बाजाराने आवर कशाला घातला? मापाला, दलालीला, धर्मादायाच्या नावाखाली होणाऱ्या कपातीला, ओल्या आणि कचरामिश्रित मालाला. भांडणाच्या या सगळ्या गोष्टी काट्यावर चढवता येत होत्या, नाहीतर चिमटीत धरून ओढून पाहता येत होत्या. वऱ्हाडच्या कापूस व्यवहाराची सगळी शहाणीव दिसणाऱ्या गुणांची होती. २००२ मध्ये याच मुलखातल्या कास्तकाराने बियाण्याच्या पाकिटात एक न दिसणारी वस्तू विकत घ्यायला सुरुवात केली: पेशीने कोणते प्रथिन बनवावे याबद्दलचा एक हुकूम. त्या वस्तूचे पुढे जे झाले त्याचा दोष सर्रास जनुकाला दिला जातो. मला हे निदान चुकीचे वाटते. जनुकाने आपले काम चोख केले. गफलत झाली ती ज्या वाणात ते घातले त्या वाणाच्या निवडीत, आणि ही निवड वऱ्हाडच्या मातीने शंभर वर्षे घातलेली अट विसरून झाली.

ही अट समजून घ्यायची तर मागे जावे लागते. १८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले, त्यामागे इथल्या काळ्या जमिनीतल्या कापसावरची नजर लपून राहिलेली नव्हती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांचा पुरवठा तोडला, भाव कडाडले. १८६७ मध्ये आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाचे खास कापूस कमिशनर नेमले गेले. लांब धाग्याचा, हिंगणघाटच्या जातीचा कापूस वऱ्हाडभर पेरला जावा असा त्यांचा आग्रह होता. या लांब धाग्याच्या देशी कापसाला बनी म्हणत. सरकारी अहवाल बनीचे गुण गात राहिले आणि कास्तकार जरी पेरत राहिला. जरीचा धागा आखूड, भरड. पण ती लवकर यायची, पावसाने दगा दिला तरी पदरात काहीतरी टाकायची, आणि रुईचा उतारा जास्त द्यायची. बाजारात धाग्याच्या लांबीला फारसा जास्त भाव मिळतच नसेल तर बनीसाठी जास्त दिवस जीव टांगणीला कोण लावणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतकी खात्यातले डेव्हिड क्लाउस्टन यांनी हा हिशेब मान्य केला आणि पांढऱ्या फुलाची, भरड धाग्याची रोझियम ही जात स्वतःच पुढे केली. तिचा उतारा चाळीस टक्क्यांच्या आसपास होता, बनीचा त्याहून पुष्कळ कमी. लँकेशायरने नाके मुरडली, पण जपानला असला कापूस चालत होता. साहेबाच्या खात्याने कास्तकारापुढे हार मानल्याची उदाहरणे फार नाहीत. हे त्यातले एक.

या हकिकतीतून दिसते ते असे. अडाण नदीच्या खोऱ्यातले काही पट्टे सोडले तर कारंजा, मानोरा, मंगरूळपीरची बहुतेक जमीन कोरडवाहू, कुठे भारी तर कुठे गुडघाभर खोलीची. इथल्या कापसाला मृगाच्या पावसावर उगवून, परतीचा पाऊस संपल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर बोंडे पोसून मोकळे व्हावे लागते. म्हणून पीक लवकर येणारे हवे, दाट पेरता येणारे हवे, आणि एक पेरणी वाया गेली तर दुबार पेरायला घरात सरकी हवी. बनी, जरी, रोझियम, पुढच्या काळातले अकोल्याच्या संशोधनातून आलेले सरळ वाण, या सगळ्यांना याच तीन कसोट्यांतून जावे लागले. घरच्या सरकीतही भेसळ होती, जिनिंगमधून आणलेल्या बियाण्यात तर दहा जातींची खिचडी असे. तो काळ सोन्याचा होता असे कोणी म्हणू नये. पण बियाण्याचा खर्च नगण्य असल्याने चूक परवडत होती. १९७० मध्ये सुरतच्या केंद्रावर सी. टी. पटेल यांनी एच-४ हा कापसाचा पहिला संकरित वाण दिला आणि ही घडी विस्कटू लागली. संकरित बी हाताने फुलाचे परागकोश काढून, हातानेच परागण करून तयार होते. ते महाग, म्हणून विरळ पेरायचे. विरळ पेरले की झाड पसरते, महिना-दीड महिना जास्त उभे राहते. ओलिताखाली ते शोभून दिसते. कोरडवाहूत त्याची बोंडे भरायच्या वेळी जमीन कोरडी पडलेली असते.

आता त्या हुकमाकडे वळू. सजीवाच्या पेशीत डीएनए स्वतः काही बनवत नाही. त्याच्यावरची अक्षरे चारच. तीन-तीन अक्षरांच्या गटांतून चौसष्ट शब्द होतात, आणि एकेक शब्द एकेका अमिनो आम्लाकडे बोट दाखवतो, तीन शब्द मात्र ‘इथे थांबा’ एवढेच सांगतात. हा कोश उलगडल्याबद्दल १९६८ चे नोबेल ज्यांना मिळाले त्यांत हरगोविंद खोराना होते. जनुकाची एक नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपाने निघते, ती रायबोसोमपाशी जाते, आणि रायबोसोम शब्दामागून शब्द वाचत अमिनो आम्ले जोडत जातो. तयार साखळी स्वतःभोवती घडी घालते की झाले प्रथिन. बॅसिलस थुरिंजेन्सिस, म्हणजे बीटी, हा जमिनीतला जीवाणू या रीतीने क्राय नावाची प्रथिने बनवतो. ती बोंडअळीच्या पोटात, तिथल्या अल्कधर्मी रसात विरघळतात, आतड्याच्या आवरणावरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटतात आणि त्या आवरणाला भोके पाडतात. माणसाचे पोट आम्लधर्मी, आणि चिकटायची ती जागाही त्यात नाही, म्हणून आपल्याला ती बाधत नाहीत. जीवाणूतले जनुक जसेच्या तसे झाडात घातले तेव्हा झाडाने जवळजवळ काहीच प्रथिन बनवले नाही, कारण जीवाणूच्या लिखाणाची धाटणी वनस्पतीच्या पेशीला मानवत नव्हती. मधल्याच काही अक्षरांना ती ‘संपले’ समजायची. मग १९९० च्या सुमारास मोन्सँटोच्या संशोधकांनी अकराशेहून अधिक अमिनो आम्लांचा क्रम तसाच ठेवून अक्षरे मात्र बदलून पुन्हा लिहिली. एकाच अमिनो आम्लासाठी अनेक शब्द उपलब्ध असल्याने हे जमले, आणि प्रथिनाचे उत्पादन कित्येक पटींनी वाढले. त्या जनुकापुढे फ्लॉवरवर पडणाऱ्या एका विषाणूचा नियंत्रक तुकडा जोडला, की पेशीने हा हुकूम झाडाच्या सर्व भागांत वाचत राहावा.

कोकर-३१२ या अमेरिकी वाणात बसवलेले हे क्राय-१-एसी जनुक जालन्याच्या महिकोने भारतीय संकरांच्या आईबापांत उतरवले, आणि २६ मार्च २००२ ला मेक-१२, मेक-१६२ व मेक-१८४ या तीन वाणांना केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने परवानगी दिली. चारशे पन्नास ग्रॅमचे एक पाकीट, एका एकराला, सुरुवातीची किंमत सोळाशे रुपयांच्या घरात. त्याआधी गुजरातेत नवभारत-१५१ हे विनापरवाना बीटी शेतांत सापडले होतेच. २००६ मध्ये याचीच पुढची आवृत्ती बोलगार्ड-२ आली, त्यात क्राय-२-एबी या दुसऱ्या प्रथिनाची भर. दशक संपेस्तोवर देशातला बहुतेक कापूस बीटी झाला. या सगळ्या घाईत एक साधा मुद्दा कुणी कास्तकाराला समजावून सांगितला नाही: झाडात हुकूम असणे आणि झाडाच्या हव्या त्या भागात, हव्या त्या दिवशी, पुरेसे प्रथिन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापात हे स्पष्ट दिसते. क्राय-१-एसी पानांत सर्वाधिक, पाते, फुले आणि बोंडाच्या सालीत बरेच कमी. आणि पेरणीनंतर साधारण ११० दिवसांनी ते अळीला मारायला लागणाऱ्या पातळीखाली घसरते. म्हणजे अळीला ज्या भागावर ताव मारायचा असतो तिथेच पहारा कमजोर. गुलाबी बोंडअळी तर येतेच उशिरा. दसरा-दिवाळीच्या सुमारास, झाड म्हातारे होत असताना. लवकर मोकळ्या होणाऱ्या वाणात तोवर बोंडे फुटू लागलेली असतात. सहा महिने उभ्या राहणाऱ्या संकरात ती नेमकी हिरवी असतात.

याहून नाजूक गोष्ट बोंडाच्या आत घडते. संकरित बीटीच्या आईबापांपैकी एकातच जनुक असले तर पिकाच्या प्रत्येक पेशीत त्याची एकच प्रत असते. असे झाड स्वतःच्या परागाने बोंड धरते तेव्हा मेंडेलच्या जुन्या हिशेबाने चारांतल्या साधारण तीन सरक्यांत जनुक येते, एकीत येत नाही. बोंडात चार-पाच पाकळ्या, प्रत्येकीत सात-आठ सरक्या; त्यांत बिनविषाच्या काही सरक्या निघणारच. गुलाबी अळी पाने खात नाही, तिला सरकीच हवी. ती एकीतून दुसरीत शिरते, विषारी लागली तर अर्धवट चाखून सोडते, बिनविषारीवर पोसते. किडके बोंड चिरून पाहिले की एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या दिसतात. त्यांच्या मधोमध पोखरून केलेल्या खोलीत गुलाबी पट्ट्यांची अळी उन्हाळाभर निजून राहते. असा कापूस कवडीचा, पिवळट डागांचा, जिनिंगला गेला की सरकीबरोबर अळीही जाते, म्हणून तर कामगंध सापळे आता जिनिंगच्या आवारात लावायला सांगतात. थोड्या विषाची सवय लावून कीड तगडी करायची असती तर यापेक्षा चांगली व्यवस्था क्वचितच सुचली असती.

यावर पहिला आक्षेप उत्पादनाचा, आणि तो हलका नाही. २००१-०२ मध्ये देशात हेक्टरी रुईचे उत्पादन ३०० किलोच्या आसपास होते, २००७-०८ मध्ये ते साडेपाचशेवर गेले. मग बीटी फसले असे कोण म्हणेल? फसले असे मी म्हणतही नाही. हिरवी बोंडअळी, जिने १९९० च्या दशकात वऱ्हाडचा कास्तकार रडकुंडीला आणला होता, ती खरोखर आवाक्यात आली आणि काही वर्षे फवारण्या घटल्या. पण त्याच वर्षांत रासायनिक खतांचा वापर वाढला, गुजरातेत ओलित वाढले, रसशोषक किडींसाठी नवी औषधे आली. सगळी वाढ एका प्रथिनाच्या खात्यावर मांडता येत नाही. आणि तो वाढलेला आकडा टिकला नाही. बीटी जवळजवळ सर्वत्र पसरल्यानंतर उत्पादन खाली येऊन अलीकडे साडेचारशेच्या आसपास रेंगाळते आहे. महाराष्ट्र तर या सरासरीच्याही खाली. वाशिम जिल्ह्यातल्या कास्तकाराने यावर आपले मत पेरणीतून दिले: रिसोड, मालेगाव, वाशिमकडे कापूस मागे पडून सोयाबीन आले, कापूस मुख्यतः पूर्वेकडच्या तीन तालुक्यांत उरला. सोयाबीनचे पीक शंभर दिवसांत घरात येते, त्याचे बी घरचे ठेवता येते. जरीने बनीला हटवले तेव्हाचाच हा हिशेब.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे: अळीच प्रतिकारक झाली, तर वाण कोणताही असता तरी काय फरक पडला असता? गुजरातेत २००९-१० मध्येच क्राय-१-एसीला दाद न देणारी गुलाबी अळी सापडली, २०१५ च्या सुमारास बोलगार्ड-२ लाही, आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात ती थैमान घालून गेली. यवतमाळमध्ये त्या वर्षी फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. या प्रतिकाराचा शोध घेताना जे सापडले ते विलक्षण आहे. क्राय-१-एसी ज्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला अळीच्या आतड्यात चिकटते, त्याच प्रथिनाचा हुकूम भारतीय शेतांतल्या अळ्यांमध्ये बिघडलेला होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर एकेका जनुकातून निघालेली आरएनएची नक्कल निरनिराळ्या प्रकारे चुकीची कापून जोडली गेल्याचे आढळले. झाडात घातलेल्या निरोपाला अळीने आपल्या निरोपातल्या खाडाखोडीने उत्तर दिले म्हणायचे. पण हा बदल आपोआप पसरत नसतो. त्याला निवडीचा दाब लागतो. किती पिढ्या, किती महिने, किती मात्रेत अळी विषाला सामोरी गेली यावर तो ठरतो, आणि हे तिन्ही आपल्याकडच्या लांब मुदतीच्या, एकप्रती संकराने ठरवले. अमेरिकेने सरळ बीटी वाण लावले, ज्यांच्या प्रत्येक सरकीत जनुक असते. जोडीला नपुंसक केलेले पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. जनुक तेच होते.

चीनचे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देते असे कोणी म्हणेल, आणि तो आक्षेप मला सर्वांत बोचरा वाटतो. तिथल्या यांगत्सी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी संकराची दुसरी पिढी पेरली, तिच्यातही जनुक चारांतल्या तिघांतच असते, आणि तरीही प्रतिकार वाढायचा थांबला. फरक आहे तो विभागणी कुठे होते याचा. दुसऱ्या पिढीच्या शेतात प्रत्येक चार झाडांतले एक झाड अख्खे बिनविषाचे असते. त्याच्यावर साध्या, न सरावलेल्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग उरलेल्या तगड्या पतंगांशी जुळतात आणि प्रतिकार पातळ होतो. आपल्या पहिल्या पिढीच्या शेतात प्रत्येक झाड बीटी, बिनविषाचे वाटे मात्र एकेका बोंडाच्या आत. एक निवारा शेजारी, दुसरा विषाच्याच घरात.

उरतो तो रोज ऐकू येणारा आरोप: पूर्वी पाकिटाबरोबर दिले जाणारे १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे कास्तकाराने बांधाभोवती लावले नाही, आणि फरदड घेतली. दोन्ही खरे आहे. उलंगवाडी, म्हणजे हंगामाची शेवटची वेचणी, झाली की पऱ्हाटी उपटायची सोडून, थोडे पाणी असले की ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवायची आणि आणखी दोन वेचण्या काढायच्या, यात अळीची पंगत अखंड चालू राहते. परंतु फरदड घेता येते ती लांब चालणाऱ्या संकराचीच. शंभर-सव्वाशे दिवसांत मोकळ्या होणाऱ्या वाणात उलंगवाडीनंतर ठेवण्यासारखे उरत नाही. आणि एका एकराचे बी विकत आणणाऱ्या माणसाला, अळीला मुद्दाम खाऊ घालण्यासाठी पाच ओळी सोड म्हणायचे, तेही शेजारच्याच्या भल्यासाठी, हे कागदावर सोपे आहे. दोष कास्तकाराचा असेलही थोडा. रचना त्याच्यावर विसंबून केली हा त्याहून मोठा.

मग सरळ वाणातच जनुक का घातले नाही? क्राय-१-एसी या, म्हणजे बोलगार्ड-१ च्या, जनुकाला भारतात पेटंट नव्हते, पण संकराला पेटंटाची गरजही नसते. त्याची सरकी पुन्हा पेरून तसे पीक येत नाही, यातच विक्रेत्याचे कुलूप असते. सार्वजनिक संस्थांनी एकदा प्रयत्न केला. बिकानेरी नरमा बीटी नावाचा सरळ वाण, ज्याची सरकी घरी ठेवता आली असती, २००८-०९ मध्ये आला आणि लगेच मागे घ्यावा लागला. चौकशीसाठी नेमलेल्या सोपोरी समितीला त्यात खाजगी कंपनीच्याच जनुकाची सरमिसळ आढळली. लाजिरवाणी गोष्ट होती ती, आणि तिने जवळजवळ दहा वर्षे वाया घालवली. नंतर नागपूरच्या संस्थेने सुरज बीटी, आणि अकोल्याच्या जुन्या वाणांवरून रजत बीटी, पीकेव्ही-०८१ बीटी असे सरळ वाण पुढे आणले. तोवर गुलाबी अळीला क्राय-१-एसी पचू लागले होते. हिरव्या अळीसाठी त्यांचा उपयोग अजून आहे, लवकर मोकळे होण्याचा तर नक्कीच आहे, पण बियाण्याच्या दुकानात मागणी येते ती जाहिरातीतल्या संकराची, नाहीतर दबक्या आवाजात तणनाशक सोसणाऱ्या चोर बीटीची. त्या चोर बीटीत तर आणखी एका प्रथिनाचा हुकूम आहे. २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून दाखवले.

नागपूरच्या संस्थेने बीटी ओळखण्यासाठी कागदी पट्टीची चाचणीही केली आहे. पान किंवा सरकी चुरडून नळीतल्या द्रावात मिसळायची, पट्टी बुडवायची, काही मिनिटांत एक रेघ उमटली तर प्रथिन नाही, दोन उमटल्या तर आहे. खोटे बियाणे पकडायला ती उपयोगी. पण ती होय किंवा नाही एवढेच बोलते. प्रथिन किती, बोंडात किती, आणि नव्वदाव्या दिवशी पुरेल की एकशे विसाव्या, हे ती सांगत नाही. कारंज्याच्या आवारात आज कापसाची गाडी उभी राहिली की ओलावा आठ ते बारा टक्क्यांत आहे का ते यंत्र सांगते, धाग्याची लांबी हाताने ओढून पाहिली जाते, कवडी बाजूला काढून भाव पाडला जातो. बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्तीची टक्केवारी, शुद्धतेची टक्केवारी छापलेली असते. ११० दिवसांनंतर झाडात काय उरते, याचा आकडा छापायची सक्ती कुठल्याही कायद्याने केलेली नाही.